गुलाबी पत्रक आणि गळकी मोटार

तुम्ही कधी एखाद्या माणसाला छापून लबाड म्हटलं आहे का? तोंडानं म्हटलेलं मी विचारत नाही. तोंडानं आपण सगळेच म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी चहा पाजून मिटवतो. मी विचारते ते शिशाचे खिळे जुळवून, शाई लावून, चौकात उभं राहून हातोहात वाटलेल्या शब्दाबद्दल. मी म्हटलं आहे. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, मी लिहिते ते खरंच असतं अशी माझी पक्की समजूत होती, आणि आमच्या मोटारीत पावसाचं पाणी गळत होतं.

आमचं घर अमरावतीत, पुढे प्रेस आणि मागे आम्ही. पायानं चालवायचं ट्रेडल यंत्र होतं. त्याचा खटक-धप्प, खटक-धप्प असा आवाज बंद पडला तरच आम्हाला काहीतरी वाजलं असं वाटायचं. घरात रॉकेलचा आणि शाईचा वास कायम, आणि त्याच्यावर मायच्या चुलीवरच्या तरोट्याच्या भाजीचा, जवसाच्या चटणीचा वास. भाकरी चुकलेल्या छपाईच्या कागदावर ठेवलेली असायची. तिच्या पाठीवर कधीकधी एखादी उलटी ओळ उमटायची आणि मी ती वाचून मगच घास मोडायची. बाबा दुसऱ्याच्या प्रेसमध्ये खिळे जुळवत जुळवत स्वतःच्या यंत्रापर्यंत आले होते. आम्ही दीक्षा घेतल्यानंतरच्या त्या वर्षांत वस्तीत जे काही घडायचं, त्याचं पत्रक आमच्याकडे छापलं जायचं. विहिरीचं, शाळेचं, मजुरीच्या दराचं, सभेचं. बाराखडी पुरी होण्याआधी मला उद्गारचिन्ह ओळखता येत होतं. पुढे पत्रकं मीच लिहू लागले, आणि उद्गारचिन्हं मी कधी मोजून वापरली नाहीत.

मोटार बाबांनी आणि त्यांचे दोस्त तायडे मास्तर यांनी मिळून घेतली होती. एका जिनिंग फॅक्टरीचा मॅनेजर गाव सोडून चालला होता, त्याची ती काळी, जुनी, पोट सुटलेली गाडी. मागच्या बाजूला कागदाचे गठ्ठे ठेवायचे, पुढे बाबा आणि मास्तर, आणि बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला जायचं. अकोल्यात आमची निम्मी गिऱ्हाइकं होती. एप्रिलमधल्या जयंतीला त्याच गाडीच्या टपावर भोंगा चढला. भोंग्याचा चार पायांचा लोखंडी स्टँड मीच बसवला, गिरमिटानं टपाला चार भोकं पाडून. मास्तर म्हणाले, "वा वा, पोट्टी इंजिनेर झाली!" उन्हाळाभर भोंगा गावोगाव ओरडत फिरला. मृग लागायच्या आधी मीच स्टँड उतरवला, भोकं बुजवली, वरून काळा रंग फिरवला. इतकं सफाईदार काम झालं होतं की भोकं कुठं होती हे माझं मलाही दिसत नव्हतं. त्याचा मला फार अभिमान होता.

आणि मग गळायला लागलं. थेंब पडताना कोणाला दिसायचा नाही. पाऊस पडून गेला की मागच्या सीटखाली डाव्या कोपऱ्यात तांबूस पाण्याचं थारोळं असायचं. गोणपाट टाकावं तर गोणपाट ओलं. पत्र्याचं डबडं ठेवावं तर डबडं कोरडं आणि त्याच्या शेजारी थारोळं. मी आजवर पुष्कळ लबाड माणसं पाहिली, पण त्या पाण्याइतकं तोंड चुकवणारं कोणी पाहिलं नाही. तायडे मास्तरांचा दर दिवशी नवा सिद्धांत. सोमवारी दाराचं रबर. मंगळवारी चाकानं उडवलेलं पाणी तळातून वर येतं. बुधवारी त्यांनी शाळेतल्या फळ्यावर शिकवावं तसं बोट नाचवत सांगितलं, की हवेतली वाफ आत थंड होऊन पाणी बनते. बाबा म्हणाले, "मास्तर, वाफीनं बादली भरते काय?" पाणी तांबूस होतं त्यावर मात्र सगळ्यांचं एकमत, की गंज आहे. माय एकदा हात पुसत गाडीपाशी आली आणि म्हणाली, "अवं, या मोटारीले मुंग्या काहून लागल्या?" मागच्या काचेच्या कोपऱ्यातून काळ्या मुंग्यांची रांग वर जात होती आणि छताच्या कापडी अस्तरात दिसेनाशी होत होती. मी म्हटलं, "माय, आम्ही गळतीचं पाहून राहिलो, तू मुंग्या काय घेऊन बसली!" हे वाक्य मला आजही ऐकू येतं आणि आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

मे महिन्यात दगड उडून गाडीची मागची काच फुटली होती. ती रशीदमिस्त्रींनी बदलली होती, भोवतीच्या नव्या रबरासकट. बडनेरा रस्त्याला त्यांचं टपरीतलं गॅरेज होतं. उंच, वाकलेला माणूस, कानामागे कायम खडूचा तुकडा. पाणी नेमकं त्या काचेखालच्या कोपऱ्यात निघत होतं, तेव्हा आणखी पुरावा कशाला हवा? आम्ही गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी रबर काढून पुन्हा बसवलं, काचेवर घागरभर पाणी ओतलं. आत कोरडं. ते म्हणाले, "काचीतून नाई येत. माह्या नंतर गाडीले कोनी हात लावला काय?"

"नाही," मी म्हटलं.

मी खोटं बोलले नव्हते, हे तुम्ही समजून घ्या. भोकं बुजवणं हे मला 'गाडीला हात लावणं' वाटलंच नव्हतं. ते तर माझं काम होतं, आणि ते बिनचूक झालं होतं. दोन दिवसांनी पाऊस आला आणि थारोळं पुन्हा हजर. पुन्हा नेली, पुन्हा त्यांनी रबर बसवलं, पुन्हा गळलं. मिस्त्री म्हणाले, गाडी चार रोज ठेवून जा. चार रोज आमच्याकडे नव्हते.

कारण अकोल्यात सभा होती. मुलींच्या वसतिगृहासाठी गावोगावच्या लोकांनी नावं द्यावीत, कधी, कुठे, कोणाकडे, हे सगळं सांगणारं पत्रक मी लिहिलं होतं. मी जन्मभरात लिहिलेल्या चांगल्या चार गोष्टींपैकी ते एक. सभेला आलेले लोक गठ्ठे घेऊन आपापल्या गावी जाणार आणि तिथं वाटणार होते. बोरगाव मंजूच्या अलीकडे आम्हाला पावसानं गाठलं. अकोल्यात पोचून गठ्ठे सोडले तर खालचे सगळे एकजीव झालेले. कागद भिजला तर वाळवून सुटा तरी होतो. हे मात्र डकवल्यासारखे चिकटले होते, नखानं सोडवावेत तर अक्षरं सोलून निघत होती. माना-कुरुमकडून आलेली एक बाई माझ्यापुढे हात पसरून उभी होती. "दे ना वं बाई, आमच्या गावाले दोनच दे." मी तिला एक कागद दिला, तोही अर्धा. त्या वर्षी तिच्या गावातून कोणाचं नाव आलं नाही. ही गोष्ट मी विसरलेले नाही, आणि पुढे जे केलं त्याला ही सबब म्हणूनही मांडत नाही.

बाबा अकोल्यात दोन दिवस थांबले. मी एस.टी.नं परत आले, पदर खोचला आणि थेट खिळ्यांच्या पेटीपुढे उभी राहिले. कागदावर आधी लिहिलंसुद्धा नाही. रागात सरळ खिळे उचलत गेले. 'सावधान! नवं म्हणून जुनं!' हे मथळ्याला, घरातल्या सर्वांत जाड अक्षरात. खाली रशीदमिस्त्रींचं नाव, गॅरेजचा पत्ता, आणि मजकूर असा की जुनं रबर नवं म्हणून बसवणाऱ्या या हातांनी गरिबांच्या लेकींचं शिक्षण पाण्यात बुडवलं. कागद उरला होता तो गुलाबी. दुपारभर ट्रेडल मारलं आणि संध्याकाळी राजकमल चौकात, एस.टी. स्टँडवर, इर्विन चौकात स्वतः वाटलं. खाली मुद्रक म्हणून प्रेसचं नाव ठसठशीत टाकलं. आम्ही भित्र्यासारखं निनावी छापणारे नव्हतो!

लोकांनी ते वाचलं. अरे, कसं वाचलं! विहिरीचं पत्रक लोक चुरगळून टाकायचे, हे मात्र घडी करून खिशात घालत होते. एरवी आमच्या वस्तीकडे मान वळवून न बघणारा एक दुकानदार मला थांबवून म्हणाला, "बरं केलं बाई. या लोकाइले कोनीतरी सुनवालेच पाह्यजे होतं." 'या लोकांना' म्हणजे कोणाला, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. हेच दोन शब्द आमच्याबद्दल ऐकत मी मोठी झाले होते. तरी मी गप्प राहिले. शाबासकी घेतली आणि पुढचं पत्रक दुसऱ्याच्या हातात दिलं.

बाबा आले ते उंबऱ्यातच ते गुलाबी पान वाचत उभे राहिले. टोपीसुद्धा काढली नाही.

"रबर जुनं होतं हे तू पाहिलं?"

"बाबा, पाणी तिथूनच येते ना!"

"मी पान्याचं नाई विचारलं. रबर तुह्या डोयानं पाहिलं काय?"

"नाही."

"मंग हे खिळे कोनाच्या भरोशावर लावले?" ते आत गेले आणि जेवले नाहीत. मायनं कळण्याची भाकरी झाकून ठेवली आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रशीदमिस्त्री स्वतः आले. हातात अवजारांची पिशवी. मला वाटलं, भांडायला आले, आणि मी मनातल्या मनात मुद्दे जुळवले. त्यांनी खिशातून गुलाबी घडी काढून माझ्यापुढे धरली.

"मले उर्दू येते. तुमचं हे नाई येत. वाचून दाखव."

"चाचा, तुम्हाला सांगितलं असेल ना कोणी..."

"सांगतलं. सारा चौक सांगून राहिला. पन ज्यानं लिवलं त्याच्याच तोंडून आयकाचं हाये मले."

मी वाचलं. माय दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, बाबा यंत्रापाशी. चौकात जे शब्द मशाली वाटले होते ते आमच्या त्या दहा फुटांच्या खोलीत नुसते ओरडत होते. 'जुनं रबर' आलं तिथं मिस्त्री म्हणाले, "हे पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. त्यांनी घडी परत घेतली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "चाल, आता गाडी दाखव. आज मले लय टाइम हाये. गॅरेजमधी कोनी येऊनच नाई राहिलं."

अंगणात त्यांनी मागची सीट उपटून बाहेर काढली, गोणपाट काढलं, पत्रा फडक्यानं कोरडा केला आणि काचेखालच्या सगळ्या पट्टीवर कानामागचा खडू घासला. ओल आली की पांढऱ्यावर रेघ उठावी म्हणून. मग स्वतः आत मांडी घालून बसले आणि मला लोटा दिला. "खालून वर ये. पह्यले दार, मंग काच, मंग टप. आधी वरून वतलं तं सारंच वलं होते, समजत नाई काई." तायडे मास्तर तेवढ्यात छत्री घेऊन आलेच. "रशीदभाऊ, माह्या मते ही वाफ हाये."

"मास्तर, तुमी आत बसता काय? मी वाफ पाहतो बाह्येरून."

दारावर ओतलं. कोरडं. दुसऱ्या दारावर ओतलं. कोरडं. काचेच्या खाली, बाजूनं, वरच्या कडेला, लोट्यावर लोटे. आतून मिस्त्रींचा आवाज एकच, "सुकं. पुढे." माझा हात भरून आला होता. काच सुकी म्हणजे रबर खरं. रबर खरं म्हणजे मी... मी पुढचा विचार केला नाही, लोटा भरला. मायला मात्र धीर निघाला नाही. दोन-तीन दिवसांत ती पहिल्यांदा बोलली, तेही माझ्याशी नाही. "रशीदभाऊ, त्या मुंग्या कोठी जातात ते पाहा ना एक डाव. मी कवाची सांगून राहिली, आयकते कोन?"

आतून अस्तराच्या शिवणीचे टाके उसवल्याचा आवाज. "बाई, टपावर वत. मधात."

मी टपाच्या मधोमध लोटा रिकामा केला. पाणी माझ्या त्या सुंदर काळ्या रंगावरून ओघळलं आणि चार ठिकाणी किंचित थबकलं. रंगाला चार छोटे खळगे पडले होते. आतून मिस्त्रींनी हात बाहेर काढला. बोटावर तांबूस, चिकट थेंब होता. त्यांनी तो पाहिला, हुंगला, आणि जिभेला लावला.

"गोड हाये," ते म्हणाले.

मास्तर म्हणाले, "गंज गोड कसा राहीन?" बाबांना कळलं होतं. मला त्यांच्याही आधी कळलं होतं.

प्रेसमध्ये शाई फिरवायचे रूळ आम्ही घरीच ओतायचो. सरस, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचा डिंक, आणि गूळ एकत्र वितळवून तो मसाला साच्यात घालायचा. थंड झाला की असा लवचिक, चिवट होतो की नवख्याला रबरच वाटावं. भोकं बुजवायला मी तोच उरलेला मसाला घेतला होता. रूळाला पाणी लावू नये, रॉकेलनंच पुसावा, पाणी लागलं की विरघळतो, हे मी सहा वर्षांची असल्यापासून जाणत होते. दर पावसाळ्यात फुगलेले रूळ मीच वाऱ्याला टांगत होते. आणि त्याच मसाल्यानं मी पावसाविरुद्ध टप बुजवला. पाणी भोकांतून आत जायचं, अस्तरावरून मागे सरकायचं, काचेशेजारच्या खांबाच्या पोकळीतून उतरायचं आणि काचेच्या कोपऱ्याशी बाहेर पडायचं. जाताना सरस घेऊन जायचं, म्हणून पत्रकं चिकटली. गूळ घेऊन जायचं, म्हणून मुंग्या. सगळे पुरावे माझ्या घरच्या मालाचे होते आणि मी परक्या माणसाच्या हातात ते शोधत फिरले होते.

"काय भरलं होतं?" मिस्त्रींनी विचारलं.

"रूळाचा मसाला." मग म्हणावंच लागलं, "सरस. आणि गूळ."

त्यांनी बोट फडक्याला पुसलं आणि ते गाडीतून उतरले. मायनं चहा आणला. कपाकडे पाहून मिस्त्री म्हणाले, "वहिनी, मले बिनसाखरेचा द्या. आज लय गोड झालं." मास्तर हसले. दुसरं कोणी हसलं नाही. मग मिस्त्रींनी बाबांकडून शेगडी पेटवून घेतली, चारही भोकांवर पत्र्याच्या टिकल्या झाळून बसवल्या, अस्तर शिवलं आणि सीट जागेवर ठेवली. ती मोटार पुढे भंगारात गेली तोवर तिचा टप गळला नाही.

बाबा म्हणाले, माफीचं पत्रक निघेल, आणि तेवढ्याच आकाराचं, तेवढ्याच प्रती, त्याच कागदावर, त्याच चौकांत. मी मान्य केलं. तत्त्वाला धरून आम्ही काय चूक केली पाहा! लोकांनी लांबून गुलाबी कागद पाहिला आणि हात मागे घेतला. "हे तं वाचलं आमी." मी ओरडून सांगायची, "हे वेगळं आहे, हे वाचा!" "वाचलं ना बाप्पा, तो रबरवाला मिस्त्री." शेंगदाणेवाल्यानं गठ्ठाभर घेतलं, पुड्यांसाठी. पहिलं पत्रक मात्र शेजारच्या गॅरेजवाल्यानं काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावलं होतं. मी काढा म्हणायला गेले तर म्हणाला, "तुमीच छापलं ना? खाली प्रेसचं नाव हाये."

वर्षभरात रशीदमिस्त्रींनी टपरी आवरली आणि अकोल्याला मेव्हण्याच्या गॅरेजात हाताखाली लागले. पहिल्या पत्रकाच्या काही प्रती प्रेसमध्ये उरल्या होत्या. प्रेसच्या रिवाजाप्रमाणे उरलेला कागद गठ्ठ्यांना वेष्टन म्हणून वापरला गेला. मी नीट पाहिलं नाही, आणि लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांभोवती तो अकोल्याला गेला. पुढे तिथं मी त्यांना भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, "विमल, तुह्या कागदाले पाय हायेत बाई. माह्या आधी येऊन बसला चहाच्या हाटेलात." मग पोऱ्याला हाक मारून दोन चहा सांगितले, एक बिनसाखरेचा, आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि नंतर विचारायला ते राहिले नाहीत.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात एक संशोधक मुलगा माझ्याकडे आला. आमच्या काळची पत्रकं तो गोळा करतो आहे, ग्रंथ काढणार आहे. त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून मोठ्या आदरानं ते गुलाबी पान काढलं. "ताई, तुमची सुरुवातीची धारदार शैली!" मी विचारलं, माफीचं सापडलं का? नाही सापडलं. एकही नाही. शेंगदाण्यांबरोबर गेलं. विहिरीचंही सापडलं नाही, वसतिगृहाचंही नाही. माझ्या नावावर शिल्लक राहणार ते हे. त्याच्या हातून ते हिसकावून फाडावं असं वाटलं, पण फाडून काय होणार? आणखी कुठल्या कुठल्या पेट्यांत असेल.

म्हणून अमरावतीच्या, अकोल्याच्या, मधल्या गावांच्या वाचकांना मागणं आहे. जुन्या पत्रिका, जुने गठ्ठे, आजोबांची कागदपत्रं एकदा उलगडून पाहा. वेष्टनसुद्धा. 'सावधान! नवं म्हणून जुनं!' असं गुलाबी पान निघालं तर ते जाळू नका, फाडू नका. खाली प्रेसचं नाव आहे ते राहू द्या. फक्त मथळ्याच्या वर, कोऱ्या जागेत, एवढं लिहा: 'रशीदमिस्त्रींनी रबर नवंच बसवलं होतं. भोकं लिहिणारीनं पाडली होती.' शाईनं लिहा. पेन्सिलनं नको.